बंदूक घरात आहे, परवाना खिशात आहे. मग संघटनेची वर्गणी का नाही?

माळरान

गेल्या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर आम्ही पाच मराठी माणसं होतो. पाचही जणांकडे स्वतःचं पिस्तूल, दोघांकडे शॉटगनही. सगळं आवरून, पेट्यांना कुलपं लावून बाहेर बाकावर बसलो तेव्हा मी सहज विचारलं, बाकी तुम्ही चौघं बंदूकधारकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या कोणत्या संघटनेचे सभासद आहात? एकही नव्हता. एकजण म्हणाला, "आपण कायदा पाळतो, आपल्याला कशाला लागतंय ते?" दुसरा म्हणाला, "परक्या देशात राजकारणात नको पडायला. आपण बरं, आपलं काम बरं." आठवडाभर ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. हा माणूस वीस वर्षं अमेरिकेत आहे, इथला नागरिक आहे, मुलं इथेच जन्मली. देश परका राहणार तरी कधीपर्यंत?

मी न्यू जर्सीत राहतो. २०२२च्या जूनपर्यंत इथे साध्या माणसाला घराबाहेर पिस्तूल बाळगायचा परवाना मिळणं जवळजवळ अशक्य होतं. अर्जात 'न्याय्य गरज' दाखवावी लागे, आणि तुमच्याच जिवाला ठोस धोका असल्याचा पुरावा नसेल तर ती गरज न्याय्य ठरत नसे. २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कची अशीच अट ६ विरुद्ध ३ मतांनी घटनाबाह्य ठरवली. दुसऱ्याच दिवशी आमच्या राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी कळवलं की ही अट आता लावायची नाही. मी यासाठी काहीही केलं नव्हतं. एक पत्र नाही, एक डॉलर नाही. पुढच्या वर्षी मी अर्ज केला आणि परवाना घेतला. तो खटला लढली न्यूयॉर्क स्टेट रायफल अँड पिस्टल असोसिएशन आणि तिचे दोन सभासद. म्हणजे शेजारच्या राज्यातल्या, मला कधीही न भेटलेल्या माणसांच्या वर्गणीवर माझा परवाना उभा आहे. हे उमगलं तेव्हा मन खाऊ लागलं, आणि त्याच आठवड्यात मी आमच्या राज्यातल्या रायफल अँड पिस्टल क्लबांच्या असोसिएशनचा सभासद झालो.

आपल्यात एक समज पक्का आहे. शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती १७९१पासून घटनेत आहे, तेव्हा हक्क आहेच, त्याला कोण हात लावतो? पण कागदावरचा हक्क वापरता यायला किती काळ जातो ते बघा. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९७६पासून नव्या हँडगनवर बंदी होती, आणि घरातली रायफलसुद्धा सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवायची सक्ती होती. डिक हेलर नावाचा सुरक्षारक्षक दिवसा सरकारी इमारतीची राखण पिस्तूल लावून करायचा आणि संध्याकाळी ते तिथेच ठेवून घरी निःशस्त्र जायचा. २००३ साली खटला दाखल झाला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००८ साली हेलरच्या बाजूने लागला. तोही ५ विरुद्ध ४. एक न्यायाधीश पलीकडे असता तर हा हक्क व्यक्तीचा आहे हे आजही आपल्याला म्हणता आलं नसतं.

त्यानंतर शिकागो. तिथली बंदी १९८२ची. ओटिस मॅकडोनाल्ड हे सत्तरी ओलांडलेले निवृत्त गृहस्थ, घरात पुन्हापुन्हा चोऱ्या झालेल्या, उशाशी पिस्तूल असावं एवढीच इच्छा. त्यांच्यामागे सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन आणि इलिनॉय स्टेट रायफल असोसिएशन उभ्या राहिल्या. २८ जून २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले, पुन्हा ५ विरुद्ध ४. मॅकडोनाल्ड यांनी एकट्याने शिकागो शहराविरुद्ध वकील लावला असता तर पेन्शन किती महिने पुरली असती? हेलरच्या वकिलांना पुढे न्यायालयाने जी फी मंजूर केली ती ११ लाख डॉलरच्या वर होती. जिंकलात तर ती रक्कम हरलेल्या सरकारकडून मिळू शकते, पण तोवरची वर्षं कुणालातरी पदरचा पैसा घालावा लागतो. आणि समोरचा सरकारी वकील पगारी असतो. त्याचा पगार तुमच्या-माझ्या करातून जातो, म्हणजे वर्गणी न देणारा माणूससुद्धा एका बाजूला पैसे देतच असतो. फक्त दुसऱ्या.

आता आपल्या लोकांसाठी खास. मॅसॅच्युसेट्समध्ये ग्रीनकार्डधारकांना घरातसुद्धा हँडगन ठेवता येत नसे. कायदेशीर कायमचा रहिवासी, कर भरणारा, गुन्हा नाही, तरी नाही. २०१२ साली फेडरल न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. त्या खटल्यात वादींच्या जोडीला होत्या कॉम्टूए नावाची तिथली छोटी संघटना आणि पुन्हा तीच सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन. ग्रीनकार्डवाल्यांना मतदानाचा हक्क नाही, त्यांच्यासाठी भांडून कुणाला एकही मत मिळणार नव्हतं. तरी ते भांडले. बोस्टनकडच्या मराठी मंडळींपैकी किती जणांना हे माहीत आहे?

तुमच्यापैकी कोण सभासद आहे, कोण नाही, आणि नसाल तर का नाही, मोकळेपणाने लिहा. विरोधी मतंही हवीत.

शुक्रतारा

शंभर टक्के सहमत. मी शिकागोच्या उपनगरात. मॅकडोनाल्ड निकालानंतरही इथे घराबाहेर पिस्तूल बाळगायला परवानाच नव्हता, कारण तशी तरतूदच कायद्यात नव्हती. पन्नास राज्यांत फक्त आमचं राहिलं होतं. डिसेंबर २०१२मध्ये सातव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयाने मूअर खटल्यात ही सरसकट बंदी मोडीत काढली, विधिमंडळाला मुदत दिली, आणि २०१३ साली कायदा झाला. त्यामागेही संघटनाच.

माझं काम रात्रपाळीचं आहे. पहाटे दोनला पार्किंगमधून एकटी चालत येते. माझ्या परवान्याची किंमत मला ठाऊक आहे. नवऱ्याला सुरुवातीला मान्य नव्हतं, आता तोही रेंजवर येतो.

आडवाट

माळरान, लेख कळकळीने लिहिलाय, पण एक मोठी गोष्ट तुम्ही गाळलीत. मी एनआरएचा (नॅशनल रायफल असोसिएशन) दहा वर्षं सभासद होतो, २०१९मध्ये सोडलं. न्यूयॉर्कच्या ज्यूरीने फेब्रुवारी २०२४मध्ये वेन लापिएर यांना संघटनेचा पैसा स्वतःच्या चैनीवर उधळल्याबद्दल जबाबदार धरलं, ४३ लाख डॉलरहून जास्त परत करायला सांगितले. तीसएक वर्षं हा माणूस संघटना चालवत होता. आमच्यासारख्यांच्या वर्गणीतून खासगी विमानं उडत होती. २०२१ साली दिवाळखोरीचा अर्ज केला तोही टेक्सासच्या न्यायाधीशांनी फेटाळला. आता मला पुन्हा पाकीट उघडायला सांगताय ते कोणत्या तोंडाने?

आणि हेलरचंच उदाहरण देताय, तर तेही पूर्ण सांगा. तो खटला एनआरएने उभा केलेला नव्हता. रॉबर्ट लेव्ही यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले, अ‍ॅलन गुरा यांनी सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली. एनआरएला तर सुरुवातीला तो खटला नकोच होता, हरलो तर कायमचं नुकसान होईल अशी भीती होती.

माळरान

आडवाट, तुमचा राग रास्त आहे आणि हेलरबद्दल तुम्ही म्हणता ते अक्षरशः खरं आहे. मी ते लिहायला हवं होतं.

पण त्यातून निघतं काय ते बघा. लेव्ही श्रीमंत होते म्हणून एक खटला झाला. दर वेळी असा माणूस कुठून आणायचा? मॅकडोनाल्डला, मूअरला, मॅसॅच्युसेट्सच्या ग्रीनकार्डवाल्यांना लेव्ही मिळाले नाहीत, त्यांना हजारो माणसांची वीस-पन्नास डॉलरची वर्गणी मिळाली.

लापिएर प्रकरणाने मीही व्यथित झालो. मात्र ते बाहेर यायला एक कारण हेही होतं की आतले काही सभासद आणि संचालक प्रश्न विचारत होते. संघटना सोडून गेलेल्याला संचालक मंडळासाठी मत देता येत नाही. १९७७मध्ये सिनसिनाटीच्या अधिवेशनात सभासदांनी एका रात्रीत नेतृत्व उलथवून संघटनेची दिशाच बदलली होती. तेव्हा सभासदांच्या हातात काय असतं हे एनआरएच्याच इतिहासात आहे.

आणि मी एनआरएलाच द्या म्हणत नाहीये. सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन प्रामुख्याने खटले लढते, १९७४पासून. फायरआर्म्स पॉलिसी कोअलिशन त्याच कामात नव्या दमाची. गन ओनर्स ऑफ अमेरिका कायदेमंडळात तडजोड न करणारी म्हणून ओळखली जाते. माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिला डॉलर राज्यातल्या संघटनेला द्यावा. आपला रोजचा जाच राज्याच्याच राजधानीत ठरतो. आमच्याकडे डिसेंबर २०२२च्या कायद्याने पिस्तूल खरेदीच्या परमिटची फी २ डॉलरची २५ केली, बंदूक खरेदीच्या ओळखपत्राची ५ची ५०, आणि बाळगण्याच्या परवान्याला २०० डॉलर. शिवाय कुठेकुठे पिस्तूल न्यायचं नाही याची लांबलचक यादी. त्या यादीवर खटला टाकणारी पहिली मंडळी आमच्या राज्यातली आणि वर लिहिलेल्या संघटनाच होत्या. ट्रेंटनमध्ये, म्हणजे आमच्या राजधानीत, कामाच्या दिवशी सकाळी समितीची सुनावणी असते. तुम्ही-मी तेव्हा मीटिंगमध्ये. तिथे आपल्या बाजूने उठून बोलणारा माणूस कुणीतरी पगार देऊन ठेवलेला असावा लागतो.

बंदरकाठ

मी २००५मध्ये लुइझियानात होतो, म्हणून लिहितो. कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्सच्या पोलीस प्रमुखांनी जाहीर केलं की शस्त्रं फक्त पोलिसांकडे राहतील, आणि घराघरांतून कायदेशीर बंदुका उचलायला सुरुवात झाली. वीज नाही, फोन नाही, पोलीस बोलावून येणार नाहीत, आणि नेमकी तेव्हाच. पावतीसुद्धा कित्येकांना दिली नाही. एनआरए आणि सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन दोघींनी मिळून फेडरल न्यायालयात धाव घेतली, सप्टेंबरातच मनाई हुकूम मिळाला. शहर आधी म्हणत होतं आमच्याकडे अशा बंदुकाच नाहीत. नंतर हजाराहून जास्त निघाल्या. प्रकरण मिटायला २००८ उजाडलं. २००६ साली अमेरिकी काँग्रेसने आपत्तीच्या काळात अशी जप्ती करायला मनाई करणारा कायदा केला.

आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांची शॉटगन अशीच गेली होती. त्यांच्या वडिलांची होती ती. त्यांना ती परत मिळाली की नाही हे मला कळलं नाही, कारण ते परत त्या घरात आलेच नाहीत. पण तेव्हा पाण्याने भरलेल्या घरासमोर उभा राहून तो माणूस न्यायालयात गेला असता का? तेव्हापासून मी आजीव सभासद आहे.

टिटवी

एक शंका. मी एच-१बीवर आहे, नवऱ्याला ग्रीनकार्ड मिळालंय. त्याला बंदूक घ्यायची आहे. मला रेंजवर शिकायला जाता येईल का? आणि अशा संघटनेला मी पैसे दिले तर व्हिसाला काही बाधा?

शुक्रतारा

टिटवी, इथे फार जपून. एच-१बी हा बिगर-स्थलांतरित व्हिसा. फेडरल कायद्याने या व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवायला मनाई आहे. काही अपवाद आहेत, त्यात एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना हा एक. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं हासुद्धा 'ताबा' ठरू शकतो. गुन्हा गंभीर आहे, देशाबाहेर काढलं जाण्यापर्यंत जाऊ शकतो. नवऱ्याला बंदी नाही, पण घरातल्या सेफची किल्ली किंवा आकडे तुझ्याकडे असता कामा नयेत. आधी वकिलाला विचार, मग पाऊल टाक.

पैशांचंही दोन भागांत बघ. निवडणुकीसाठी पैसे गोळा करणारी जी राजकीय समिती असते, पीएसी, तिला परदेशी नागरिकाने देणं बेकायदेशीर आहे. ग्रीनकार्डवाल्याला चालतं, तुला नाही. खटले आणि शिक्षण यांसाठीच्या धर्मादाय संस्थेला देणगी हा वेगळा प्रकार. संघटनांच्या दोन-तीन शाखा असतात आणि नावं सारखीच दिसतात, म्हणून पैसे नक्की कोणत्या खात्यात जातात ते वाचूनच दे. करसवलतही त्यावरच ठरते. सेकंड अमेंडमेंट फाउंडेशनला दिलेल्या देणगीवर ती मिळते, एनआरएच्या सभासद वर्गणीवर मिळत नाही.

टिटवी

बापरे, किल्लीचं माहीतच नव्हतं. धन्यवाद ताई.

गवतफूल

मी इमर्जन्सी विभागात डॉक्टर आहे आणि माझ्याकडे बंदूक नाही. विरोधी मत हवं म्हणालात म्हणून लिहिते.

२०२१ साली या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक. तुम्ही सगळे पार्किंगमधल्या हल्लेखोराबद्दल बोलताय. माझ्याकडे येतो तो एकोणीस वर्षांचा मुलगा, ब्रेकअप झालेला, बापाच्या कपाटातलं पिस्तूल. गोळ्या घेतलेल्यांना आम्ही बहुतेकदा वाचवतो. बंदुकीने केलेल्यांना बहुतेकदा नाही. तो आवेग काही मिनिटांचा असतो. त्या मिनिटांत कपाटाला कुलूप होतं का, एवढ्यावर सगळं असतं.

आणि ज्या संघटनांना पैसे द्या म्हणताय त्यांनी काय केलं? १९९६ साली बजेटच्या कायद्यात डिकी दुरुस्ती आणून सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेला यावरचं संशोधन जवळजवळ बंद करायला लावलं. जे २६ लाख डॉलर त्या संशोधनावर खर्च होत होते तेवढीच रक्कम बजेटमधून कापली. पुन्हा पैसे मिळायला २०२०चं आर्थिक वर्ष यावं लागलं. ज्यांच्या नावाने ती दुरुस्ती होती ते काँग्रेस सदस्य जे. डिकी स्वतः नंतर म्हणाले की संशोधन व्हायला हवं होतं. चोवीस वर्षं वाया गेली. त्या वर्षांत गेलेल्या मुलांच्या आया माझ्यासमोर बसल्या आहेत.

मला तुमच्या बंदुका काढून घ्यायच्या नाहीत. पण हे तुमच्या वर्गणीतून झालंय हे तुम्ही मान्य करायला हवं.

काळा कातळ

गवतफूल ताई, माझं जरा वेगळं. मी मिनेसोटात राहतो, हरणांच्या मोसमात शिकारीला जातो. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने प्रत्येक हँडगनवर १० टक्के आणि रायफल-शॉटगन व काडतुसांवर ११ टक्के कर बसतो, उत्पादक भरतात, आणि तो वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना जातो. कराचा पैसा असा संवर्धनासाठी राखून ठेवायला बंदूकवाल्यांनी आणि शिकाऱ्यांच्या संघटनांनी पाठिंबा दिला होता. संघटना म्हणजे नुसता विरोध असं नाही, एवढंच म्हणायचं होतं. मूळ धाग्याला पूर्ण पाठिंबा.

आडवाट

गवतफूल यांच्या प्रतिसादाला उत्तर द्या माळरान. कराने त्याचं उत्तर होत नाही.

माळरान

देतो. दोन दिवस घेतले कारण घाईत लिहायचं नव्हतं.

ताई, डिकी दुरुस्ती चूक होती असं माझं मत आहे. आपली बाजू खरी असेल तर आकड्यांना घाबरायचं कारण नाही. त्या काळी मी सभासद नव्हतो, या देशातही नव्हतो, पण मी ज्या चळवळीत आहे तिने ते केलं, तेव्हा ते माझ्याकडेही येतं. मान्य.

पण तुमचं ऐकून वर्गणी बंद करावी असं मला वाटत नाही. उलट वाटतं. तुम्ही सांगता तो मुलगा, त्याच्या बापापर्यंत कोण पोहोचू शकतं? डॉक्टरने विचारलं, घरात बंदूक आहे का, तर आमच्यातले निम्मे लोक गप्प बसतात, कारण त्यांना वाटतं आता नाव कुठेतरी नोंदलं जाणार. तेच क्लबमधला जुना सभासद म्हणाला, "घरी पोरगा उदास दिसतोय ना, थोडे दिवस तुझी पिस्तुलं माझ्या सेफमध्ये ठेव," तर बाप ऐकतो. न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली एकाच दुकानातून, आठवड्याच्या आत, तीन वेगवेगळ्या माणसांनी बंदुका घेऊन आत्महत्या केल्या. त्या धक्क्यातून दुकानदार आणि आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारे लोक एकत्र बसले आणि गिऱ्हाइकाच्या वागण्यातली धोक्याची चिन्हं कशी ओळखायची याचं साहित्य त्यांनी मिळून तयार केलं. २०१६मध्ये बंदूक उद्योगाची संघटना एनएसएसएफ आणि आत्महत्या प्रतिबंधासाठीची अमेरिकन फाउंडेशन यांनी देशपातळीवर हातमिळवणी केली. हे काम बंदूकवाल्यांच्या संघटनेतून झालं तरच मुरतं. बाहेरून कायद्याने लादलं की माणसं कुलपाकडे सक्ती म्हणून बघतात.

२०२४च्या रहिमी निकालात सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ असं म्हटलं की घरच्यांच्या जिवाला धोका म्हणून न्यायालयाने ज्याच्यावर आदेश काढलाय, त्याच्याकडून शस्त्र तात्पुरतं काढून घेता येतं. मला तो निकाल पटतो. माझ्या संघटनेतल्या काहींना पटत नाही. त्यांच्याशी माझा वाद झाला, बैठकीत, समोरासमोर. सभासद नसतो तर कुणाशी घातला असता?

आणखी एक. २०२४च्या मे महिन्यात एनआरए विरुद्ध व्हुलो हा निकाल लागला, ९ विरुद्ध ०. न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्याने विमा कंपन्यांवर दबाव आणून एनआरएशी व्यवहार तोडायला लावले असा आरोप होता, आणि न्यायालयाने सांगितलं की सरकारला न पटणाऱ्या विचारांची गळचेपी अशी आडमार्गाने करता येत नाही. तिथे एनआरएची बाजू मांडली एसीएलयू या नागरी हक्कांच्या संघटनेने, जी बंदुकांच्या प्रश्नावर तिच्या विरोधात असते. मतभेद ठेवून एकमेकांच्या हक्कासाठी उभं राहता येतं, ते दोघांनी दाखवलं. तुमच्याशी मला तसंच बोलायचंय.

गवतफूल

रहिमीबद्दल तुम्ही उघड लिहिलंत हे मला महत्त्वाचं वाटतं. एक प्रत्यक्ष गोष्ट विचारते. तुमच्या क्लबच्या बैठकीत मला अर्धा तास मिळेल का? बंदुका चांगल्या की वाईट यावर मी काहीही बोलणार नाही. उदासीनता कशी दिसते, घरातल्या तरुण मुलाला काय विचारायचं, आणि काही दिवसांसाठी बंदुका घराबाहेर ठेवायच्या तर शब्द कसे वापरायचे, एवढंच.

आडवाट

मी पेनसिल्व्हेनियात आहे, दीड तासाच्या अंतरावर. ताई बोलणार असतील तर मी येतो. आणि माळरान, राज्य संघटनेचा अर्ज तिथेच भरता येतो का तेही बघून ठेवा, आमच्याकडच्या संघटनेचा नसेल तर तुमच्याच.

माळरान

ताई, काल सचिवांशी बोललो. त्यांचा पहिला प्रश्न होता, "आम्हाला उपदेश करणार का?" तुमचा वरचा प्रतिसाद इंग्रजीत करून वाचून दाखवला. जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, त्यांच्या भाच्याचं असंच झालं होतं. पुढच्या महिन्याच्या बैठकीत पाऊण तास दिलाय, अर्धा नाही.

ऐंशीएक लोक असतील, बहुतेक साठीच्या पुढचे. दोन सभासद चापाची आणि सेफची कुलपं दाखवायला आणणार आहेत. प्रोजेक्टर आहे. एका मुद्द्यावर अडू शकतं: बंदूक तात्पुरती दुसऱ्याकडे ठेवणं हे न्यू जर्सीच्या कायद्यात कसं बसतं, यावर लोक नक्की विचारतील, म्हणून संघटनेच्या वकिलांनाही बोलावलंय. त्यांनी यायचं कबूल केलंय, फी न घेता.

आडवाट, अर्ज तिथेच मिळेल. पेन आणा.